हलकी, जोराची, हलकी

"डि-व्हे-लप. जोर कुठं?"

पुस्तकाची सुरळी माझ्या डोक्यावर पडली. आधी हलकी. मग जोराची. मग परत हलकी.

"आता म्हण."

मी म्हटलं. शेवटच्या अक्षराला ताणून म्हटलं, जसं तोंडात बसलं होतं तसं. वर्ग हसला. परत सुरळी. हलकी, जोराची, हलकी. दुसऱ्या वेळी सरांनी मधली इतकी जोरात मारली की डोळ्यांत पाणी आलं. सर वर्गाकडे वळून म्हणाले, "डोंगरातून हाका मारायला आली ही. ए मोलगी, कॉलेज आहे हे, कॉलेज!"

अकरावीचं वर्ष. तळोद्यातलं कॉलेज. मी मोलगीची पण नाही, मोलगीच्याही वरच्या पाड्यातली, पण सरांना तेवढं एकच गाव ठाऊक होतं. माझं नाव हजेरीत होतं. सरांनी दोन वर्षांत ते हजेरी घेतानाच काय ते उच्चारलं असेल. एरवी "ए मोलगी". मग वर्गसुद्धा मोलगीच म्हणायला लागला. कँटीनवालासुद्धा.

त्या दिवशी मी खाली बसले तेव्हा शेजारची पोरगी हळूच म्हणाली, "जास्त लागनं का वं?" ती शहाद्याकडची, घरी अहिराणी बोलणारी. तिचा स्वभाव चांगला होता, उगाच खोटं कशाला बोलू. पण हसली ती पण होती. मी मान हलवली, नाही लागलं. लागलं होतं.

आणि सर काय लंडनमध्ये जन्मले होते? सरसुद्धा घरी "काय करी ऱ्हायना" म्हणणारे. फोनवर बायकोशी बोलताना मी स्वतः ऐकलंय. वर्गाच्या दारात चप्पल काढावी तशी ती भाषा काढून ठेवायचे आणि आत यायचे. तापीकाठची बागायत, केळी, ऊस, दारात ट्रॅक्टर. त्यांना जिची लाज वाटायची ती भाषा बाहेर ठेवता येत होती. माझी माझ्या तोंडातच होती, ती कुठं ठेवणार?

डोंगरातून हाका मारायला आली, असं ते म्हणाले ना, त्यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे घरं चाळीसारखी चिकटून नसतात. हे घर या टेकडीवर, ते त्या टेकडीवर, मधे दरी. कुणाला बोलवायचं तर चालत जायला अर्धा तास. म्हणून हाक. आणि हाक मारताना नावाची सुरुवात वारा खातो, हे दोन वर्षांच्या पोराला पण कळतं. म्हणून सगळा दम शेवटच्या अक्षरावर टाकायचा, ते ओढायचं, पलीकडच्या डोंगराला लागेपर्यंत ओढायचं. आम्ही मोठ्यानं बोलायला शिकतो ते असं. मग शाळेत गुरुजी म्हणतात, "मोठ्यानं वाच." आम्ही मोठ्यानं वाचतो. म्हणजे हाक मारतो. मराठी वाचताना ते खपून जातं, कारण मराठीत सगळी अक्षरं जवळजवळ सारख्याच वजनाची. इंग्रजीत खपत नाही.

इंग्रजीचं कसं आहे, तर प्रत्येक शब्दात एक अक्षरगट मालक असतो. तो मोठ्यानं म्हणायचा, जरा लांब, जरा वरच्या सुरात. बाकीच्यांनी गप बसायचं. नुसतं गप नाही, इतकं दबून की त्यांचा स्वतःचा स्वरच राहत नाही. आ असो, ओ असो, ए असो, जोर नसला की सगळ्यांचा तो एकसारखा मेलेला 'अ' होतो. फोटो म्हणताना जोर पहिल्यावर. फोटोग्राफर म्हटलं की तो सरकून दुसऱ्यावर जातो, आणि पहिला जो आत्तापर्यंत ऐटीत 'फो' होता त्याचा नुसता 'फ' होतो. फोटोग्राफिक म्हटलं की जोर आणखी पुढं, तिसऱ्यावर. शेवटी 'शन' आलं की त्याच्या लगेच आधीच्यावर. रेकॉर्ड ही वस्तू असली तर जोर पहिल्यावर, रेकॉर्ड करायचं असलं तर दुसऱ्यावर. जोर चुकला की इंग्रजी माणसाला शब्दच ओळखू येत नाही. अक्षरं सगळी बरोबर असली तरी नाही.

हे मला सरांनी सांगितलं नाही. सरांनी फक्त मारून दाखवलं. हे मी शिकले कॉलेजच्या लायब्ररीत, जाड शब्दकोशातून. त्यात जोराच्या अक्षराआधी वरच्या अंगाला एक बारीक उभी रेघ असते. ती रेघ दिसली की माझं डोकं आपोआप खाली व्हायचं. तरी मी रोज वीस शब्द लिहून न्यायचे आणि वसतिगृहाच्या मागच्या नळावर कपडे धूत धूत घोकायचे. धोपटणं हातात असायचं. त्याच तालावर.

शिकले मी. ईर्ष्येनं शिकले. बारावीला इंग्रजीत कॉलेजात पहिली आले. बी.ए. झालं, बी.एड. झालं, सरकारी आश्रमशाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून लागले, आमच्याच डोंगरात. पाहुणे आले की मुख्याध्यापक मला पुढं करायचे. "आमच्या मॅडमचे उच्चार ऐका, पुण्याच्या वाटतात." मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, फारच बरं वाटायचं.

पण एक गोष्ट मी कुणाला कधी सांगितली नव्हती. नवऱ्यालासुद्धा नाही. इंग्रजी शब्द कानावर आला की मला डोक्यावर लागतं. आजही. टीव्हीवर बातम्या चालू असतात, मी लेकीची वेणी घालत असते, कुणीतरी म्हणतं 'कमिटी', आणि माझ्या टाळूवर पडते. हलकी, जोराची, हलकी. 'डिसेंबर'. हलकी, जोराची, हलकी. बँकेत, बसस्टँडवर, दवाखान्यात नंबर पुकारताना. डॉक्टर म्हणतील डोकेदुखी. ही डोकेदुखी नाही. आत कुणीतरी बसलंय आणि ते शब्द मोजतंय.

आता सेवलीचं सांगते. हे सांगायचं म्हणूनच बाकीचं सांगत बसले.

सेवली आठवीत होती. माझ्याच माणसांतली, पावरी बोलणारी, आमच्या पाड्यापासून दोन डोंगर पलीकडची. अंगानं काटकुळी, आवाज मात्र अस्सल. कवायतीला "सावधान" म्हणायची तर सगळं मैदान ताठ व्हायचं. इंग्रजीचं वाचन यायचं तिला, अक्षर न् अक्षर यायचं. फक्त प्रत्येक शब्दाचं शेपूट ओढायची.

एके दिवशी शाळेत तपासणीला साहेब येणार होते. मी वर्गाकडून धडा बसवून घेत होते. सेवलीला उभं केलं. शब्द होता 'रिमेंबर'. ती म्हणाली, शेवट ताणून. मी दुरुस्त केलं. ती परत तशीच म्हणाली. परत दुरुस्त केलं. परत तसंच. साहेबांच्या गाडीचा आवाज खाली घाटात आला होता. आणि माझा हात उठला.

तिच्या डोक्यावर, बोटांच्या पेरांनी. रि, हलकी. मेम्, जोराची. बर, हलकी.

"जोर कुठं? आता म्हण."

आवाज माझा होता, शब्द सरांचे होते. वर्ग हसला. सगळी डोंगरातलीच पोरं, सगळी तिच्यासारखीच शेपूट ओढणारी, तरी हसली. मी त्यांना थांबवलं नाही. मीही ओठ मुडपून हसलेच. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात पडायचं थांबलं. अगदी शांत झालं. देवा, काय सांगू, किती वर्षांनी इतकं शांत वाटलं होतं! त्या शांततेची मला आज जितकी किळस येते तितकी कशाचीच येत नाही.

मग एकदा झालं की दहादा होतं. हिवाळाभर मी सेवलीच्या डोक्यावर शब्द शिकवले. ती आधी हळू बोलायला लागली. मग ओठ हलवायची फक्त. मग तेही नाही. कवायतीला दुसरी मुलगी उभी राहायला लागली. मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका बाई म्हणाल्या, "सेवली अलीकडे बोलतच नाही हो, जेवायला वाढतानासुद्धा ताट पुढं करते नुसतं." मी म्हटलं, वयात येतेय, होतं असं. वा रे मी!

होळीला मुलं घरी गेली. सगळी परत आली. सेवली आली नाही.

एक महिना मी वाट पाहिली. मग मोलगीच्या बाजाराला जाणाऱ्या जीपमध्ये बसले, फाट्यावर उतरले आणि चढ चढून तिच्या पाड्यात गेले. अंगणात कैऱ्यांच्या फोडी वाळत घातल्या होत्या, आमचुरासाठी. तिची आई विळ्यावर कैऱ्या चिरत होती. मी कोण ते सांगितलं. आमच्या बोलीतच सांगितलं. तिनं पाणी दिलं, खाट टाकली. मग अंगणाच्या कडेला जाऊन दरीकडे तोंड करून हाक मारली.

पलीकडून उत्तर आलं. सेवलीचं. लांबून, समोरच्या उतारावरून. मी कितीतरी महिन्यांनी तो आवाज ऐकला. आईला दिलेली ओ वेगळी. मग वाटेत शेळ्या वळवताना घातलेली साद वेगळी, आखूड, पहिल्याच अक्षराला ठोसा दिलेली. मग कुणा मैत्रिणीला हाक, तिसरीच तऱ्हा, मधेच उंच नेऊन सोडून दिलेली. मी खाटेवर बसून ऐकत होते. जोर कुठं द्यायचा, कुठं काढून घ्यायचा, कुणासाठी कुठं, हे त्या पोरीला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी एकदा म्हटलं असतं, "सेवली, मैत्रिणीला हाक मारतेस तसं म्हणून बघ," तर दोन मिनिटांचं काम होतं. दोन मिनिटांचं!

ती वर आली, मला बघितलं आणि तोंड फिरवून विळ्यापाशी बसली.

"सेवली, शाळेत चल."

कैरी चिरल्याचा आवाज फक्त.

आई म्हणाली, "घरी आमच्याशी बोलते ती. पण पुस्तक दिसलं की डोक्यावर दोन्ही हात ठेवते. काय केलं तिथं?"

मी म्हटलं, "काही नाही. फक्त टपली मारली हो."

फक्त. हा शब्द मी उच्चारला.

आईनं विळा बाजूला सारला. ती चिडली नाही. चिडली असती तर परवडलं असतं. ती म्हणाली, "मग अंगणात उभी राहून सांग ना. पाडा बोलावते मी. टपली मारली, एवढंच सांगायचं."

आमच्याकडे चूक कानात सांगत नाहीत. ज्यानं केली त्यानं सगळ्या पाड्यासमोर उभं राहून, मागच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. काय केलं तेवढं. का केलं ते कुणी विचारत नाही. कारणं सांगायला लागलात तर म्हातारी माणसं उठून जातात. मग पुढचं काय ते ठरतं. मी त्याच मातीतली, मला हे ठाऊक नाही असं कसं म्हणणार? पण माझ्या डोक्यात आली सरकारी नोकरी. चौकशी. घरासाठी काढलेलं कर्ज. शाळेतल्या बायका काय म्हणतील. मी म्हटलं, "पुन्हा येते," आणि उतारावरून जवळजवळ पळत खाली आले. सेवलीनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी तळोद्याला इंग्रजी शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मला नमुना पाठ द्यायचा होता. विषय, उच्चारातला जोर. पाठ माझा म्हणून आयोजकांनी मुद्दाम प्रमुख पाहुणे कोण बोलावले असतील? आमचे सर. निवृत्त झालेले, केस पांढरे, हातात काठी. शाल-नारळ झालं. सर माईकवर आले आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "ही आमची मोलगी! हिच्या डोक्यात इंग्रजी शिरत नव्हतं. मग मी वरून ठोकून बसवलं. आणि बघा आज!"

हॉल हसला. टाळ्या वाजल्या. सरांना आणखी चेव आला. त्यांनी कार्यक्रमपत्रिकेची सुरळी केली आणि कौतुकानं, अगदी कौतुकानं हो, माझ्याकडे यायला लागले. "दाखवू का यांना, कसं शिकवायचो ते?"

त्यांना आठवत होतं सगळं. मला वाटायचं विसरले असतील. विसरले नव्हते, पण त्यांच्या लेखी तो नुसता किस्सा होता. आणि मला लख्ख दिसलं, अजून वीस वर्षांनी मी पण अशीच एखाद्या स्टेजवर उभी असेन आणि सेवलीचा किस्सा सांगेन. लोक हसतील. मला शाल मिळेल.

मी सरांच्या हातातून सुरळी काढून घेतली. टेबलावर सरळ करून ठेवली.

"सर, मला लागत होतं."

"अगं, प्रेमानं गं ते..."

"मला लागत होतं. रोज लागत होतं. अजून लागतं."

आयोजक खालून हातानं खुणा करत होते, आवरा म्हणून. मी माईक हातात घेतला. म्हटलं, "मी आज पाठ देणार नाही. मला जोर असा शिकवला गेला आणि मी तो तसाच पुढं शिकवला. आठवीतल्या एका मुलीच्या डोक्यावर. तिनं बोलणं सोडलं, शाळा सोडली. तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी आत्ता टाळ्या वाजवल्या, त्यांनी आपापल्या वर्गातली गप्प झालेली पोरं आठवा." एवढंच बोलले. कुणीतरी मागून म्हणालं, "मॅडम, शुभ कार्यक्रम आहे हा." मी खाली उतरले आणि बाहेर आले.

सर मागून आले. काठी टेकत, हळूहळू. जीपस्टँडपर्यंत आले. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "मी तुन्हं वाईट करं का वं पोरी?"

इतक्या वर्षांत माझ्याशी ते पहिल्यांदा त्यांच्या घरच्या भाषेत बोलले. त्यांचं वय झालंय, "नाही सर, तुमच्यामुळंच झालं सगळं" असं म्हटलं असतं तर माणूस सुखानं घरी गेला असता. तोंडावर आलं होतं ते वाक्य. गिळलं.

"हो सर," मी म्हटलं.

ते मान खाली घालून गेले. मला काही मोकळं वगैरे वाटलं नाही. जीपमध्ये ड्रायव्हर कुणाला तरी फोनवर म्हणाला, "सर्व्हिसिंग करायचंय," आणि माझ्या डोक्यात पडायला लागलं, पूर्वीसारखंच. पडू दे. ते थांबवायला आता दुसऱ्या कुणाचं डोकं मिळणार नाही.

शाळा उघडली. मुख्याध्यापक म्हणाले, सेवलीचं नाव कमी करून टाका, पटसंख्या वर कळवायची घाई आहे. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर माझं लेखी निवेदन ठेवलं. आठवीच्या वर्गात मी विद्यार्थिनीला अनेक वेळा डोक्यावर मारलं, असं. खाली सही. ते वाचून त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, हे कशाला? कुणी तक्रार तरी केलीय का?" मी म्हटलं, "कुणी केली नाही, म्हणूनच." त्यांनी तो कागद ड्रॉवरमध्ये टाकला. मी त्याची दुसरी प्रत टपालानं आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयात पाठवली आहे. घरी नवऱ्यालाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "नोकरी गेली तर?" मी म्हटलं, "गेली तर गेली." म्हणताना जीभ सुकली होती, पण म्हटलं.

येत्या रविवारी मी सेवलीच्या पाड्यात जाणार आहे. निरोप धाडलाय, पाडा बोलवा म्हणून. अंगणात उभी राहीन, मागच्यालाही ऐकू जाईल असं बोलेन. मी हिला मारलं. वर्गाला हसवलं. मला त्यात बरं वाटलं. तुम्ही सांगायला सांगितलं तेव्हा मी पळाले. एवढंच. सरांचं नाव घेणार नाही, कारण हात माझा होता.

सेवली शाळेत परत येईल का, ठाऊक नाही. ती तोंड फिरवून बसली तर तो तिचा हक्क. मला माफ कर असं मी म्हणणारच नाही, तेवढं ओझंसुद्धा तिच्यावर टाकणार नाही. पण तिचं नाव पटावर राहील. मी नोकरीत असेपर्यंत ते कुणी खोडणार नाही. आणि माझ्या वर्गात पोरं चुकतील, शेपूट ओढतील, इंग्रजीची चिरफाड करतील, साहेब बसलेले असोत नाहीतर त्यांचे साहेब. डोक्याला हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही. बाकीच्यांनी लावून तर बघावा.